आत बसून विणा, अण्णा

अण्णा,

काल नात कामावर रुजू झाली. तिचं बाळ अजून पालथंही पडत नाही. तिचा नवरा बाळाला पोटाशी बांधून तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला आणि येताना भाजी घेऊन आला. रस्त्यावर कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी खिडकीत उभी राहून ते पाहिलं आणि दिवसभर मला तुमच्या फोटोकडे बघवेना.

तळासरीच्या बोर्डाच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा थोरला जेमतेम मान धरत होता. रजा संपत आली होती. आई जाऊन बराच काळ झाला होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि यांची सर्वेअरची नोकरी जव्हारच्या डोंगरात. महिन्यातून एखादा रविवार घरी. मी नोकरी सोडते म्हटलं, तेव्हा तुम्ही बशीतला चहा संपवून म्हणालात, "सोडतेस कशाला? मी येतो की." रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून सगळी उमर काढलेला, नुकताच रिटायर झालेला माणूस एक वळकटी आणि लोकरीची पिशवी घेऊन माझ्याबरोबर एस.टी.तून तळासरीला उतरला.

विणकाम तुम्ही दवाखान्यात शिकला होतात. छातीत पाणी झालं म्हणून मुंबईला महिनोन्महिने पडून होतात, तेव्हा एका वयस्क नर्सने हाताला काहीतरी उद्योग म्हणून सुया दिल्या होत्या. डहाणूला रेल्वेच्या चाळीत सगळ्यांना ते माहीत होतं. शेजारच्या बायका तुमच्याकडून टोप्या विणून न्यायच्या. माझ्या मैत्रिणींचे वडील बिड्या ओढायचे, माझे विणायचे, एवढाच फरक मला लहानपणी कळत होता.

तळासरीत मात्र तुम्हांला कुणी ओळखत नव्हतं. आपल्या खोलीला रस्त्याकडे ओटा होता. तुम्ही तिथल्या वाशाला झोळी बांधलीत, तिची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलीत आणि भिंतीला टेकून बसलात. पाय झोळी हलवतोय, हात विणतायत. थंडी पडायला लागली होती, पोराला सारखी सर्दी, म्हणून आधी टोपडं झालं, मग मोजे, मग स्वेटर. बाजाराला जाणाऱ्या बायका मोळ्या टेकवून तुमच्याकडे बघत उभ्या राहायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. समोरचा गुजराती दुकानदार ओरडायचा, "काका, मारा माटे पण एक बनावजो." तुम्ही म्हणायचात, "डोक्याचं माप द्या." तुम्हांला काही लागत नव्हतं. मला लागत होतं.

एका मधल्या सुटीत आमच्या शाळेतले एक गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत गणितं घालता आणि वडील घरी टाके घालतात. मग तुमच्या घरात पुरुष कोण?" सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी घरी आले, पोराला पदराखाली घेतलं आणि तुमच्याकडे न बघता म्हणाले, "आत बसून विणा ना, अण्णा. आणि त्याला घेऊन शाळेकडे येत जाऊ नका, लोक बघतात."

"आत उजेड नाही गं," तुम्ही म्हणालात. मी पोराला दुसऱ्या अंगाला घेतलं.

दुसऱ्या दिवशी झोळी आत आली होती. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायचा. तो सरकेल तसे तुम्ही सरकत बसायचात. मी मधल्या सुटीत पाजायला यायची, तेव्हा तुम्ही कधी चुलीपाशी असायचात, कधी दाराजवळ. सरकता कशाला, असं मी कधी विचारलं नाही, कारण मला ते दिसत होतं.

मग शाळेच्या तपासणीचा दिवस आला. खात्याचे साहेब आलेले, मधली सुटी रद्द. तिसरीच्या वर्गात मी वाचन घेत होते आणि साहेब मागच्या बाकाशी उभे होते. कुंपणापलीकडून रडणं ऐकू यायला लागलं. पुढची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा बाळ रडतोय."

"दुसऱ्या कुणाचं तरी असेल," मी म्हणाले. "पुढचं वाच."

ती वाचायला लागली आणि माझं पोलकं भिजायला लागलं. मी पदर ओढून घेतला, पुस्तक छातीशी धरलं. पुस्तकाच्या कव्हरावर डाग उमटला. साहेब काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही जाऊन या. वर्ग मी बघतो."

तुम्ही चिंचेच्या झाडामागे उभे होतात. पोर रडून काळंनिळं झालेलं, वाटीचमच्याने दूध घेईना, म्हणून नाइलाजाने आला होतात. मी त्याला घेऊन बुंध्याशी बसले. तुम्ही पाठ करून माझ्यासमोर आडोशासारखे उभे राहिलात आणि तसेच, तोंड रस्त्याकडे ठेवून म्हणालात, "मी पुढे आलो नाही हं. कुणाला दिसलो नसेन."

त्या संध्याकाळी मी स्वतः झोळी ओट्यावर बांधली आणि तुम्हांला बाहेर बसा म्हटलं. "राहू दे," तुम्ही म्हणालात, "आत वारा लागत नाही त्याला." तुमच्या आवाजात राग नव्हता. रागावला असतात तर मला रडता तरी आलं असतं. मी फारच म्हटलं म्हणून त्यानंतर तुम्ही बाहेर बसायचात, पण सुया आत ठेवून, हात मांडीवर मोकळे. पोर चालायला लागलं, तशी मी एक बाई कामाला ठेवली आणि तुम्ही डहाणूला परतलात. दोन पावसाळ्यांनी गेलात. आपण त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललो नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. लोकांच्या हसण्याचं मी निमित्त केलं होतं. खरी लाज वेगळीच होती. रोज सकाळी पोर तुमच्या हातात देऊन मी ओट्यावरून उतरायची. तुम्ही त्याचा हात धरून मला टाटा करायला लावायचात. मी वळून बघायची नाही. तुम्हांला वाटत असेल, हिला भरून येतंय. अण्णा, भरून येत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि ते तुम्हांला तोंडावर दिसेल म्हणून मी वळत नव्हते.