आज चित्र अटकलं नाही

बुधवार, संध्याकाळ

आज संगणकात वेगळी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क बसवली, फक्त विमानाच्या सिम्युलेटरसाठी. बाकी सगळं जुन्या डिस्कवरच ठेवलं. वीस वर्षांपूर्वी फ्लाइंग क्लबातल्या सरांनी माझं विमान उडवणं बंद केलं होतं. म्हणाले, "उतरताना विमानाचं नाक वर घ्यायले तुझा हात उशीर करते." घरी मी विमानच जुनं असल्याचं सांगितलं. सिम्युलेटरवरही आपटलो की डिस्कचं नाव पुढे करायचो, चित्र अटकतं म्हणून.

आज चित्र एकदाही अटकलं नाही. धावपट्टी शेवटपर्यंत स्वच्छ दिसली आणि पाचही वेळा मी आपटलो. मग आता कोणाचं नाव घेऊ?

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आता तं नाही न अटकून राहिलं?"

"अटकते अजून," मी म्हटलं.