बाकाच्या फटीतली उदबत्ती

नवीन पनवेल,
मंगळवार, ६ ऑगस्ट २०१३

प्रिय मनू,

पाकीट उलटसुलट करून कोणाचं पत्र म्हणून बघत असशील, तर आधीच सांगते. मी कीर्ती. आठवी ब, खिडकीकडची रांग, दुसरा बाक, तुझ्या डावीकडची. तू आणि घरची सगळी खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण उभ्याने शिकवणाऱ्यांचे गुडघे त्यांच्या आधीच रिटायर होतात, त्याचं काही नवल नाही.

तुझा पत्ता जगनने दिला. रविवारी मासळी बाजारात गेले होते, तर सुक्या बोंबलांच्या ढिगामागे तुझा भाऊ बसलेला. मी ओळखलं नाही, त्यानेच हाक मारली. "तुमी कीर्ती ना? मनीतायची दोस्त?" म्हणाला, "ताय करंज्याला हाय. आजी झाली ती." मी हसत सुटले. तू आणि आजी! हो, मी मासळी बाजारात जाते, दचकू नकोस. सासरी मासे चालतात. आईला वाटतं जावई बाहेर खातो. मी तिचा तो समज मोडलेला नाही.

जगनने फोन नंबरही दिला. दोनदा लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. पन्नास पोरांपुढे तासन्‌तास बडबडणारी मी, पण तुझ्याशी काय बोलायचं ते सुचेना.

गावात येतेस का गं कधी? पनवेल आता ओळखू येणार नाही तुला. आपण बोरं वेचायचो तिथे इमारती उभ्या राहिल्यात आणि त्यांना 'पॅराडाइज' वगैरे नावं आहेत. तळं आहे, पण काठावर बसून चिंचा चोखणाऱ्या पोरी नाहीत. आपली शाळा मात्र आहे तिथेच. परवा तिच्यावरून गेले आणि एकदम कर्नाळ्याची सहल आठवली. किल्ल्यावर चढताना मी पायरीपायरीला थांबत होते. तू पुढे होतीस, माझी ओढणी तुझ्या मनगटाला बांधलेली. "खाली बघू नको, माझे पाठीकडं बघ," म्हणालीस. तुझ्या पाठीवरच्या निळ्या चौकड्या मला अजून पाठ आहेत.

आणि तुझा डबा. तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेला सुका जवळा. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर, आणि मी भर श्रावणात बाकाखाली वाकून ती इवली कोळंबी खात होते. माझी पोळी-भाजी तू खायचीस, तोंड वाकडं करून. "तुमचे भाजीला मीठ कोन घालते का नाय?" मग मधली सुट्टी संपायच्या आत आपण फळ्याखालची खडूची पूड हाताला चोळायचो. शोध तुझाच. तेव्हा वाटायचं, वास जातो. तसं सुख पुन्हा कुठल्या जेवणात मिळालं नाही. हे मी उगाच गोड लावून लिहीत नाही, खरंच सांगते.

आता हे सगळं आजच का, ते सांगते.

माझ्या वर्गात, आठवीतच, मोनाली नावाची मुलगी आहे. खाडीकाठच्या गावातली. वडील दिनानाथ बंदरात कामाला, आई मासळी विकते. मुलगी गणितात अशी की मलाच तयारी करून जावं लागतं. गेल्या महिन्यात तीन मुलांनी खेळ सुरू केला. ती वर्गात आली की तिच्या दप्तरावर डिओ मारायचा. रोज. एक जण बाटली आणायचा, बाकीचे दोघे नाकाला रुमाल लावायचे आणि वर्ग हसायचा. मला कळायला बारा दिवस लागले. त्यांच्यातल्या प्रणितला मी विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, आम्ही तर सुगंधच मारला."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. माणूस वाईट नाही. त्यांना कटकट नको असते. त्यांनी मुलांना दम दिला, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर आला. 'विद्यार्थ्यांनी उग्र वासाचे पदार्थ डब्यात आणू नयेत.' खाली सही करायची आणि वर्गाला वाचून दाखवायचं. म्हणजे डिओ मारणारे सुटले आणि डबाच गुन्हेगार ठरला. मोनाली पहिल्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सही केली नाही. वही तशीच परत पाठवली. नोकरीच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मग बरीच बाचाबाची झाली. शेवटी सूचना रद्द झाली, तिन्ही मुलांच्या आईवडिलांना बोलावलं, आणि जागा बदलल्या त्या मुलांच्या, मोनालीची नाही. यावर मी अडून बसले होते. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. शुक्रवारी दिनानाथ अर्ज घेऊन आले. "दाखला द्या बाई. पोर शिकंल दुसरीकडं. तिची आय मासली इकते, ते आमी काय लपवनार नाय." मी म्हटलं, पंधरा ऑगस्टपर्यंत थांबा. त्यांनी अर्ज माझ्याकडे ठेवला आणि गेले. तो माझ्या खणात आहे.

आपल्या वेळी डिओ नव्हता. तुला आठवत असेलच.

एक ऑगस्ट होता. आदल्या तासाला हॉलमध्ये पुण्यतिथीचा कार्यक्रम झाला होता, फोटोला हार, समोर उदबत्त्या. तू पाणी प्यायला मागे राहिलीस. वर्गात आलीस तेव्हा आपल्या बाकाच्या फटीत, तुझ्या बाजूला, एक पेटलेली उदबत्ती खोचलेली होती. सगळा वर्ग तुझ्याकडे बघत होता. आणि तू काय केलंस, चपला काढल्यास, हात जोडलेस आणि मला विचारलंस, "हितं पन पुन्यतिथी हाय गो?"

त्यानंतर जे हसू फुटलं ते माझ्या कानातून आजवर गेलेलं नाही. तुला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तू उदबत्ती उपटलीस, चिमटीत विझवलीस आणि चपला घालून खाली बसलीस. रडली नाहीस.

बाईंनी चौकशी केली ती पाच मिनिटं. मग तुला शेवटच्या बाकावर हलवलं, 'तुझ्याच सोयीसाठी, तिथे वारा आहे', आणि आठवडाभर फळ्यावर स्वच्छतेचे सुविचार लिहिले. त्या काळी शाळेला याहून वेगळं काही करता येतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. गणपतीच्या सुट्टीनंतर तू आली नाहीस. ठमाबाई, तुझी आई, दाखला न्यायला आल्या होत्या. व्हरांड्यात मला बघून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी तिथून पळत सुटले.

काल मी ही गोष्ट वर्गाला सांगितली. नावं न घेता. एक मुलगी होती, तिची मैत्रीण होती, कोणीतरी उदबत्ती लावली. प्रणित खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, चला, बाईंना जमलं. तेवढ्यात मोनाली उठली.

"बाई, उदबत्ती कोनी लावली व्हती?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी फळा पुसायला वळले. पुसून झाला तरी पुसत राहिले. ती उभीच होती. मग मी सांगितलं.

तिने पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाली, "तुमचे मैतरनीला म्हाईत हाय?" मी नाही म्हटलं. "मंग आदी तिला सांगा. नंतर मला ऱ्हायला सांगा."

आणि खाली बसली. तेरा वर्षांची पोर.

मनू, उदबत्ती मी लावली. आमच्या देवघरातली होती, काडेपेटीही आमचीच. आदल्या दिवशी पुढच्या बाकावरची नीता सगळ्यांसमोर म्हणाली होती, "कीर्ती, तुझ्या हाताला कसला वास येतो गं? तुझ्या आईला सांगू?" मी रात्रभर घाबरून होते. मला वाटलं, वास तुझा आहे असं वर्गाला एकदा दाखवून दिलं की माझ्या हाताकडे कोणी बघणार नाही. आणि कोणी बघितलं नाही. जवळा मी तुझ्याइतकाच खाल्ला होता, कधी कधी जास्तच.

पण उदबत्तीपेक्षाही वाईट पुढे केलं. बाईंनी तुला विचारलं, कोणावर संशय आहे, तेव्हा तू म्हणालीस, "मना नाय ठाव. कीर्तीला इचारा. ती माझी हाय, ती खोटं बोलनार नाय." मी उभी राहिले, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मला माहीत नाही. तू मान डोलावलीस. माझ्यावर विश्वास ठेवलास. त्यानंतर महिनाभर तू शेवटच्या बाकावर होतीस, आणि मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

लहान होतो, असं म्हणून मला सोडवू नकोस. मोनालीही लहान आहे आणि तिला खरं-खोटं नीट कळतं. तू किती शिकली असतीस कोण जाणे, बाईंच्या गणिताच्या चुका तूच काढायचीस. मी शिक्षिका झाले आणि तुझी शाळा सुटली. मी तुझी माफी मागते आहे. ती द्यायलाच हवी असं नाही. राग आला तर तसं लिही, लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहू. उद्या सकाळी शाळेत जाताना हे पत्र पेटीत टाकेन आणि मोनालीला एवढंच सांगेन, की सांगितलं. तिने राहायचं की जायचं, ते मग तिचं ती ठरवील.

पत्राच्या शेवटी नावाआधी एक शब्द लिहितात. तो मी कोरा ठेवला आहे. तो लिहायचा हक्क आता तुझा.

............ कीर्ती