बाहेर राहिलेला वैमानिक

प्रिय दादा,

तुझं अर्धवट राहिलेलं महायुद्धातल्या विमानाचं छोटं मॉडेल बाबांनी पुरं केलं. ज्या ‘पोरखेळा’वरून त्यांनी तुला घराबाहेर काढलं, तेच. बॉम्ब टाकणाऱ्या यंत्राचं कौतुक मला आजही पटत नाही. पण शिलाईचं काम बाजूला सारून सुईच्या टोकाने रंग देणारे बाबा पाहिले आणि मी दिवा त्यांच्याजवळ सरकवला.

बटणं शेवटी लावायची शिंप्याची सवय मात्र नडली. विमानातला इवलासा प्लास्टिकचा वैमानिकही त्यांनी शेवटी बसवायला ठेवला आणि त्याच्या जागेवरची काच आधीच चिकटवून टाकली.

“अहो, चालवणाराच बाहेर राहिला की!” आई म्हणाली. “उसवा आता.”

“ओढली तर तडकेल. त्याचा तो आला की काढेल.”

“मग बोलवा की त्याला!”

बाबांनी वैमानिक बटणांच्या डबीत ठेवला. मी लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, “तू शिकलेली, छान लिहिशील. पण हाकललं मी, बोलवायचंही मीच.”

घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्यांची पत्रं मीच लिहिते, दादा. हे एक मात्र पाठवता येत नाही. बटण शोधताना वैमानिक बाबांच्या बोटांना लागतो, आणि बटण न घेताच ते डबी बंद करतात.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी