खिडकी क्रमांक तीनचा इंडेक्स न काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, संगणक विभाग,
मध्यवर्ती रुग्णालय.

विषय : रक्तपेढीच्या संगणकात केलेला इंडेक्स सोमवारी काढून न टाकण्याबाबत.
संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज (उत्तर नाही). २) आपला कालचा आदेश.

महोदय,

१. मी रक्तपेढीच्या खिडकी क्रमांक तीनवर नऊ वर्षे संगणकचालक आहे व त्यांपैकी दोन वर्षे नियमित मार खात आहे. रक्तगट टाकला की संगणक पिशवीचा क्रमांक देतो आणि तो क्रमांक मिळाल्याशिवाय फ्रीजचे कुलूप उघडत नाही. एक पिशवी शोधायला संगणक आजवरच्या सर्व पिशव्यांच्या नोंदी पहिल्यापासून वाचतो, वापरून संपलेल्यासुद्धा. शब्दकोशातला एक शब्द पाहायला कोणी पहिल्या पानापासून वाचत बसते का? याला चार मिनिटे लागत. इंडेक्स करा, म्हणजे हवी ती नोंद थेट दाखवणारी सूची करा, अशी विनंती मी पहिल्या अर्जात केली होती.

२. चौथ्या मिनिटाला एका सुताराने खिडकीतून हात घालून माझी मान धरली. त्याची बायको आत रक्तस्रावाने पांढरी पडली होती. माझ्या संरक्षणासाठी आपण ‘मारहाण करणाऱ्यांची यादी’ सुरू केली, त्याबद्दल आभारी आहे. परंतु रक्त मागणारा त्यात आहे का हे पाहायला, प्रत्येक पिशवीच्या नोंदीगणिक ती यादीही पहिल्यापासून वाचली जावी, असे आपल्या विभागाने ठरविले. म्हणजे मला कोणी मारले की यादी वाढते, यादी वाढली की शोध लांबतो आणि शोध लांबला की पुढचा मारतो. आगीतून फुफाट्यात! एका मास्तरांनी, अत्यंत सभ्य गृहस्थ, चष्मा काढून खिशात ठेवला व माझे डोके टेबलावर तीनदा आपटले. एका आजीने काठीने माझी दोन बोटे मोडली. यादीत त्रेसष्ट नावे झाली. शोध एकोणीस मिनिटांवर गेला.

३. गेल्या मंगळवारी माझी सुट्टी होती. माझ्या धाकट्या भावाला ट्रकने उडविले. त्या दिवशी मी प्रथमच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. आत माझा जोडीदार संगणकचालक होता. यात त्याचा काही दोष नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही बाराव्या मिनिटाला मी काच फोडली, त्याला कॉलर धरून ओढले आणि जबडा मोडेपर्यंत मारले. मारताना फार बरे वाटले, हे लपवीत नाही. भाऊ अठराव्या मिनिटाला गेला. पिशवी एकोणिसाव्या मिनिटाला सापडली. ती दुसऱ्या कप्प्यात होती, माझ्यापासून तीन हातांवर.

४. बुधवारी अंत्यविधी उरकून मी कामावर आलो व कोणाचीही परवानगी न घेता पिशव्यांच्या व मारणाऱ्यांच्या, दोन्ही याद्यांवर इंडेक्स केला. अकरा मिनिटांचे काम होते. आता शोधाला दोन सेकंद लागतात. तीन दिवसांत एक्केचाळीस पिशव्या दिल्या. कोणी हात उगारला नाही. एका बाईने तर मलाच पाणी आणून दिले.

५. हा बदल विनापरवाना असल्याने सोमवारी काढून टाकण्यात येईल, असे आपण कळविले आहे. मला निलंबित करा, पोलिसांत द्या. माझे नाव यादीत चौसष्टावे घाला, तो माझा हक्कच आहे. पण इंडेक्स काढू नका, ही हात जोडून विनंती.

६. काढायचाच झाला, तर सोमवारी खिडकी क्रमांक तीनवर आपण स्वतः बसावे. काच अजून बसविलेली नाही. मी बाहेर रांगेत उभा असेन.

कळावे.

आपला,
संगणकचालक, खिडकी क्रमांक तीन
दिनांक : शनिवार, सकाळी

सोबत :
१) माझ्या बोटांचा एक्स-रे.
२) पूर्वीच्या सहा अर्जांच्या प्रती.
३) जोडीदाराचे दोन दात, पुडीत.
४) जोडीदाराची या अर्जाला पाठिंब्याची सही. जबडा बांधलेला असल्याने त्याला बोलता येत नाही.