वरच्या बाकावरचा पाय

राउमा, जूनचा दुसरा आठवडा

आदरणीय आउने वन्सं यांस हेल्वीचा नमस्कार.

तुमचे गुडघे, तुमची मांजर आणि तुमचे बटाटे ठीक असतील असे धरून चालते (नसतील तर कळवा, पण थोडक्यात). इकडे तुमच्या बंधुराजांचा, म्हणजे टाउनोंचा, पाय अजून शाबूत आहे. वसंतात डॉक्टर तो गुडघ्याखालून कापायच्या गोष्टी करत होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग शस्त्रक्रिया करून रक्ताला मांडीपासून घोट्यापर्यंत नवी वाट काढून दिली आणि गारठलेले पाऊल गरम झाले. आता खाली सोडले की ते लाल होऊन भिजवलेल्या कणकेसारखे फुगते. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की माणूस उभा राहिला की पावलातल्या बारीक रक्तवाहिन्यांनी स्वतःला आवळून घ्यायचे असते. इतकी वर्षे पुरेसे रक्तच न मिळाल्याने त्या हे विसरल्या आहेत, हळूहळू शिकतील. तोवर पाय उंच ठेवायचा, नाहीतर सुजेने टाके उसवतील, जखम चिघळेल आणि पुन्हा कापण्याची भाषा सुरू होईल. शिवाय जखम भरेपर्यंत सॉनात बसून वाफ घेणे बंद.

यातले ‘उंच’ एवढेच बंधुराजांनी ऐकले.

शनिवारी मी ग्रंथालयातून परतले तर सॉनाच्या धुराड्यातून धूर. आत हे सर्वांत वरच्या बाकावर, पाय भिंतीला लावलेला, पट्टीवर पावाची प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

“डॉक्टरीणबाई उंच म्हणाल्या,” ते म्हणाले. “आपल्या घरात याहून उंच बसायची जागा दाखव.”

सॉनाही बंद म्हणाल्या होत्या, याची मी आठवण करून दिली.

“वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी कुठे टाकलंय? पाण्याशिवाय ही नुसती गरम खोली आहे.”

खालच्या बाकावरून शेजारचे कालेर्वो (टॉवेल होता, देवाची कृपा) गंभीरपणे म्हणाले, “खरंय, वहिनी. याला कुणी सॉना म्हणणार नाही.”

उतरताना बंधुराजांना घेरी आली. पाऊल उकडलेल्या बीटासारखे झाले होते आणि टाके उसवले. डॉक्टरीणबाईंनी ते पुन्हा घातले आणि म्हणाल्या, आता आणखी एकदा उसवले तर पाय वाचेल की नाही, हे त्या सांगू शकणार नाहीत.

तुमची,
हेल्वी

ता. क. मध्य उन्हाळ्याच्या सणाचे तुमचे आमंत्रण पोचले. बंधुराज तुमच्या सॉनात अंगावर मारून घ्यायला भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी बांधायला बसले आहेत. आमंत्रण मागे घेऊ नका, रुसतील. फक्त तुमच्या सॉनाचे धुराडे मोडल्याचे त्यांना लिहा. माझे खरे त्यांना पटत नाही. थोरल्या बहिणीचे खोटे पटेल.

ता. क. २. खोटे लिहिणे जमत नसेल तर धुराडे खरोखरच पाडा. जखम भरली की मी येऊन बांधून देईन. विटा टाउनो उचलून देतील, दोन्ही पायांवर उभे राहून.