खंड्या भुंकत नाही

१८ नोव्हेंबर

खंड्या आला. दुपारी शूटिंगच्या युनिटची गाडी थेट मळ्यात, दारापुढं. उतरला तो ओळखू येईना. आंघोळ घातलेला, केस विंचरलेले, गळ्यात लाल रेशमी पट्टा. आमचा खिळ्यांचा पट्टा काढून ठेवला म्हणे, कॅमेऱ्यात बरा दिसत नाही. बिबट्या पहिली मान धरतो म्हणून तो पट्टा होता. कुठंय विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, मास्टरजींकडं राहिला असेल.

महिनाभर घोडेगावच्या बाजूला शूटिंग होतं. सिरियलमधला मुंबईचा शिकवलेला कुत्रा आजारी पडला आणि हा हुबेहूब तसाच, तांबूस, छातीवर पांढरा. जागा बघत फिरणारा त्यांचा माणूस राजुरीच्या रस्त्यानं चालला होता, हा त्याच्या गाडीमागं अख्खं शिवार दणाणून सोडत पळाला. त्यावरच तो भाळला. यांनी लगेच हो म्हटलं. आपला कुत्रा टीव्हीवर म्हटल्यावर यांचे पाय जमिनीवर कुठले.

हे रोज संध्याकाळी भाजीचा टेम्पो घेऊन वाशीला निघतात. मागं आम्ही तिघी. मी, सासूबाई आणि सहा वर्षांची तनू. घरामागं शेजारच्या नानांचा ऊस, भिंतीला लागून म्हटलं तरी चालेल. महिनाभर पान हललं तरी मी उठून बसत होते. आज खंड्या दारात आहे. आज झोपेन.

२० नोव्हें.

गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन सरळ पडवीत आला. खंड्यानं शेपटी हलवली आणि पंजा पुढं केला. हाच गॅसवाला एरवी गाडीतून खाली उतरत नसे, तिथूनच हाका मारायचा. म्हणाला, "वैनी, तुमचा हिरो लई मवाळ झाला राव."

मी हसले. नंतर आठवत बसले. आल्यापासून हा एकदा तरी भुंकलाय का?

दमला असेल.

२१ नोव्हें.

नाही. अजून नाही. वानरं येऊन गेली, डेअरीची गाडी येऊन गेली, नानांचा बैल सुटून आमच्या कांद्याच्या रोपात शिरला. हा बसून बघतो. कान उभे, मान वळते, सगळं कळतं त्याला. पण हूं नाही की चूं नाही.

सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. ओवाळताना तो शहाण्यासारखा बसून होता.

२३ नोव्हें.

मास्टरजींना फोन लागला एकदाचा. कुत्र्यांना शिकवणारे ते. सरळ विचारलं, आमच्या कुत्र्याला काय केलंत.

"काही नाही केलं ताई. शिकवलं. सेटवर भुंकला की सगळा सीन बाद. आर्टिस्ट बोलत असतात ना."

"मग टीव्हीत भुंकतो तो कोण?"

"तो आवाज नंतर टाकतात."

बोट वर केलं की गप्प बसायचं, गप्प बसला की कोंबडीचा तुकडा. 'कट' म्हटलं की उठायचं. मारलं नाही म्हणे, कधीच नाही. उलट लई हुशार. पुढं पुढं तर बोट न दाखवताही गप्प राहायला लागला, तेव्हा सगळे खूश.

विसरेल का, विचारलं. "विसरेल की हळूहळू. गावात कोण त्याला गप्प बस म्हणणार?" मी म्हटलं, आमच्याकडं बिबट्या आहे. तर म्हणाले, "बापरे. मग सांभाळा ताई त्याला." त्याला म्हणे. आम्हाला कोणी सांभाळायचं ते नाही सांगितलं.

२५ नोव्हें.

सहा वाजता सिरियल. मळ्यातल्या सगळ्या बाया-पोरं आमच्याकडं, पाय ठेवायला जागा नाही. आमचा खंड्या तिथं 'बंडू'. आजच्या भागात घरातली छोटी मुलगी विहिरीकडं जाते, मागं साप, आणि बंडू असा भुंकतो असा भुंकतो की सगळं घर धावत येतं. आमच्या घरात टाळ्या. खरा बंडू कॉटखाली, पंज्यावर हनुवटी टेकून.

तनू म्हणाली, "हा आवाज आपल्या खंड्याचा नाय." कोणी ऐकलंही नाही.

नानांची सून जाताना म्हणते, "तुमाला काय भ्या नाय बाई आता. आमच्या पोरींना बी बंडूसंगच धाडीत जाईन साळंत." मी म्हटलं, अगं तो भुंकत नाही. ती हसायलाच लागली. "आत्ता तर भुंकला." हिला काय समजावणार. डोळ्यांनी बघितलंय तिनं.

२८ नोव्हें.

ठसे. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी चिखलात. मी हात पसरून ठसा मापायला गेले आणि मध्येच मागं घेतला. गोठ्याकडून येतात, अंगणातून जातात, खंड्याच्या पोत्याला वळसा घालून उसात. वळसा घालून. म्हणजे हा तिथंच होता, जागा होता, बघत होता आणि... पोतं ओलं होतं. भीतीनं तिथंच झालं असणार त्याला. नेला कसा नाही ते देव जाणे.

वनखात्याची माणसं येऊन गेली. पिंजरा येईल म्हणाले. तोवर एकटंदुकटं फिरू नका, चालताना मोठ्यानं बोला, बाहेर लाईट ठेवा. जाताना एकानं खंड्याबरोबर फोटो काढला. खंड्यानं पंजा दिला.

आजपासून तो पडवीत, साखळीनं.

३० नोव्हें.

आज मी भुंकले. लिहायला लाज वाटते, पण भुंकले. हे झोपलेले, सासूबाई देवळात. खंड्याला अंगणात पुढ्यात बसवलं आणि भुंकून दाखवलं, म्हटलं ऐकून तरी आठवेल. तो मान वाकडी करून बघत राहिला. मी गुडघ्यावर बसून अजून जोरात. त्यानं पंजा दिला. बांधावर नानांची सून कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

मग राग आला. केरसुणी उगारली. तो धाडकन आडवा. पाय ताणलेले, जीभ बाहेर, डोळे मिटलेले. मेल्याचं सोंग, तेही शिकवलंय. अंगणात तसा पडलेला बघून मला रडूच फुटलं. 'कट' म्हटल्यावर उठला आणि माझा हात चाटला.

यांना सांगितलं तर हसून पुरेवाट. "आगं मंग तूच भुंकत जा, तुजा आवाज बी मोठाय." जेवायला वाढलं नाही मी. हातानं घ्या म्हटलं.

३ डिसेंबर

नानांच्या उसाला तोड आली. टोळी खालच्या अंगानं तोडत वर येतेय. रोज थोडा ऊस कमी होतो, म्हणजे आत जे काय आहे ते रोज थोडं आमच्याकडं सरकतं. तोडणाऱ्या बायकांना काल पिल्लू दिसलं म्हणे. पिल्लू आहे तिथं आई असणारच. सासूबाई दिवस कलला की त्याचं नाव घेऊ देत नाहीत. "जनावर म्हन नुसतं."

तनूला भीती कशी घालावी कळत नाही. पोरांची भीती मोडावी म्हणून लोक धडपडतात, माझं उलटं चाललंय. म्हटलं, उसाकडं जायचं नाही, जनावर नेतं.

"बंडू वाचवील."

"तो भुंकत नाही बाळा."

"टीव्हीत भुंकतो की."

"तो आवाज दुसऱ्याचा असतो. तूच म्हणालीस ना?"

जरा विचार केला तिनं. "मंग इथं पन दुसऱ्याचा टाकतील."

६ डिसें.

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दिवेलागणीला भाकरी टाकत होते. तनू टीव्हीपुढं असेल असं धरून चालले होते. तवा उतरवून बघते तर तनू नाही, साखळीला खंड्याही नाही. सासूबाईंना वाटलं ती माझ्यापाशी आहे.

मागल्या दारानं पळाले. उसाच्या कडेला बांधावर तनू उभी, बोट वर केलेलं. पुढ्यात खंड्या बसलेला. शूटिंग-शूटिंग खेळत होती. हाक मारणार तेवढ्यात खंड्याकडं लक्ष गेलं. पाठीवरचे केस उभे, सगळं अंग कापतंय, नजर उसात एका जागी. वारा नव्हता. तिथलाच ऊस हलत होता, बाकीचा नाही.

ओरडायचं होतं. आवाजच फुटेना. तोंड उघडलेलं आणि आतून काही येत नाही.

तनूला कशी उचलली आठवत नाही. पाठ फिरवायची नाही एवढंच डोक्यात होतं. मागं मागं सरकत दारापर्यंत आले. खंड्या तिथंच, बसलेलाच. तनूनं बोट दाखवलं होतं, तो उठणार कसा. दारात आल्यावर माझा आवाज सुटला आणि ओरडले ते काय, तर 'कट'. दोन-तीनदा ओरडले. तो उठला, पळत आत आला. कडी लावली आणि तिथंच खाली बसले. सासूबाई विचारतात, "काय वरडलीस गं ते?"

तनू रडली नाही. म्हणाली, "बंडूला दिसला व्हता. मला पन."

काय दिसलं, विचारलं.

"डोळे."

७ डिसें.

सकाळी हे वाशीवरून आले तेव्हा सांगितलं. हसले नाहीत. बांधावर जाऊन आले आणि पाणी मागितलं. आज टेम्पो लावला नाही. दिवसभर पडवीला जाळी ठोकत होते, आतून कडी बसवली. संध्याकाळी म्हणतात, "मी कशाला दिला गं त्याला."

मी खिळे पुढं करत राहिले. बोलले असते तर लई बोलले असते.

तनूला आज पहिल्यांदा मारलं, कालचं परत करशील का म्हणून. नाय म्हणाली. माझा विश्वास नाही.

९ डिसें.

युनिटचा फोन. बंडू लोकांना आवडलाय, मुंबईचा कुत्रा आता नको. उद्या रात्री नाहीतर परवा सकाळी गाडी पाठवतो, यावेळी कायमचाच द्या म्हणाले. तिथं त्याला खोली आहे, डॉक्टर आहे.

हे म्हणतात देऊन टाकू, इथं राहिला तर एक दिवस जनावराच्या तोंडात जाणार. खरं आहे. सासूबाई म्हणतात, "मुकं असंना का, दारात कुत्रं तर हाय." तेही खरं. मी अलीकडं त्याच्या पाठीकडं बघत बसते. केस उभे राहिले की दारं लावून घेते. भुंकत नसला तरी तेवढं कळतं त्याच्याकडून. तो गेला की तेवढंही नाही.

तनूनं ऐकलं. म्हणाली, "गाडीवाल्याला बंडू सापडणारच नाय." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

१० डिसें.

फोन आला, गाडी उद्या सकाळी. 'या' म्हणून सांगितलंय. देणार की परत पाठवणार ते अजून ठरत नाही. देवापुढं बसले तरी ठरलं नाही.

टोळीनं आज ऊस जवळजवळ संपवला. घरामागचा एक पट्टा उरलाय, उद्या तोही तोडतील. म्हणजे आज जे काय असेल ते त्या एका पट्ट्यात. टोळीचा मुकादम मुद्दाम सांगून गेला, "ताई, आज लेकरू भायेर सोडू नका." हे पाचलाच निघाले, टोमॅटो भरलेला होता, थांबून चालणार नव्हतं. जाताना दोनदा मागं वळून आले, कडी बघून गेले.

खंड्याला पडवीत बांधलं, जाळी ओढून घेतली. तनू दुपारपासून माझ्याशी बोलत नाही. जेवलीही नाही. सारखी खंड्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. उद्या रडेल, परवा विसरेल. पोरांचं असंच असतं.

सिरियलचं गाणं सुरू झालं. सासूबाई बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढं बसल्यात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, भात शिजेपर्यंत एवढं लिहून घेते. बाहेर अजून थोडा उजेड आहे.

खंड्या टाकीपाशी उभा आहे.

बांधला होता मी. माझ्या हातानं साखळी अडकवली. उसाकडं तोंड करून उभाय, शेपूट पायात, पाठीचे केस उभे. तोंड उघडतोय. मिटतोय. परत उघडलं. आवाज नाही अजून, पण काढायला बघतोय.

जाळीची कडी निघालेली दिसतेय. तनू टीव्हीपुढंच असेल. बघून येते.