रिकाम्या गाडीचा सायरन

सोम., ८ जाने.
संप ठरला. पालिकेचा रुग्णवाहिकांचा ठेका नव्या कंपनीला गेलाय आणि तिला जुनी माणसं नकोत. उद्यापासून मुलुंड डेपोच्या गेटवर बसायचं. युनियनच्या बैठकीत मी उठून बोलले: कितीही तापलो तरी पेशंट असलेली गाडी अडवायची नाही. पहिला हात परबदादाचा. "शीतल बोलली तां बरोबर." गाडी तो चालवतो, मागे पेशंटजवळ मी. टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत छाती फुगलेली.

मंगळ., ९
घोषणा देऊन घसा बसला. परबवहिनींनी सगळ्यांना पुरतील एवढे घावणे पाठवले होते.
संध्याकाळी डेपोच्या सुपरवायझरचा फोन. "मॅडम, नव्या कंपनीच्या यादीत बायका कमीच घेणारेत. तुमचं नाव मी धरून ठेवलंय. उद्या एक छोटं काम करा." काय काम, मी विचारलं नाही. पूर्वाची दहावी. तिचे बाबा गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटीच.
हे लिहिलं की बरं वाटतं. वाटू नये.

बुध., १०
युनियनला कळवलं, ताप आहे. डेपोत मागच्या दाराने गेले.
दुपारी पालिकेचे साहेब घाटकोपरच्या हॉस्पिटलशी येणार होते, सेवा चालू आहे का बघायला. गाडी तिथे दिसायला हवी. गेटवर आपली माणसं. सुपरवायझर म्हणाला, "स्ट्रेचरवर झोपा. मास्क लावा. आतल्या कामगाराला चक्कर आली म्हणू, पेशंट म्हटल्यावर सोडतील. तुमचाच नियम ना?"
झोपले. चादर कपाळापर्यंत ओढली. ड्रायव्हर बाहेरून आणलेला, कोण कुठला. सायरन लावला. गेटशी गाडी हळू झाली आणि दादाचा आवाज, "बाजूक व्हा रे! पेशंट आसा आत!" शिट्ट्या, रिक्षांचे हॉर्न. रस्ता तोच मोकळा करत होता. मग मागच्या दारावर दोन थापा. 'जा' म्हणायच्या. आतून मी देते तशाच.
मास्कमध्ये माझाच श्वास, गरम.
गेट मागे पडलं तसा ड्रायव्हर हसला. "उठा आता." घाटकोपरपर्यंत उठले नाही.

गुरु., ११
त्या ड्रायव्हरने चहाच्या टपरीवर बढाई मारली. गेटवर कळलं, कालचा पेशंट खोटा होता. कोण झोपलेलं, ते त्याला ठाऊक नाही. माझं नाव कुठेच नाही. ग्रुपवर सगळे भडकलेत. मी 'लवकर बरी होते' असा मेसेज टाकला.

शुक्र., १२
वाट लागली.
आज गेटसमोरच्या रस्त्याने कंपनीची गाडी सायरन वाजवत आली, दादा आडवा गेला. मागचं दार उघडलं. आत खरंच एक आजोबा, धाप लागलेली. त्यांचा मुलगा शिव्या घालायला लागला. दादा हात जोडून लगेच बाजूला झाला म्हणे, पण तोवर व्हिडिओ झाला होता. टीव्हीवर तेवढंच: संपवाल्याने रुग्णवाहिका अडवली. आजोबा आयसीयूत. दादावर पोलिसांत तक्रार. आपलेच म्हणतायत, परबने माती खाल्ली.
त्याने दार का उघडलं, ते मला माहीत आहे.

शनि., १३
दादा घरी आला. हातात पेजेचा डबा, वहिनींनी दिलेला. आजारी माणसासाठी.
"तू गेटवर असतंस तर माका दार उघडूक दिला नसतंस," म्हणाला. मान खाली. चहाच्या निमित्ताने मी आत पळाले. गॅस पेटवायचंच राहून गेलं.
बाहेर आले तर पूर्वाने कपाळाला हात लावला. "आई, कुठेय ताप?"
दादा हसला. "उतरलो मगे. बरा झाला."
पेज दोघींनी खाल्ली. मीठ बरोबर होतं.

रवि., १४
सुपरवायझर: "उद्या जॉईन व्हा. डे ड्युटी."
"हो सर." तोंडातून निघून गेलं. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बसले, पूर्वाला ऐकू जाऊ नये म्हणून.

सोम., १५
ड्युटीवर गेले नाही. पोलीस स्टेशनला आले. दादाला आज बोलावलंय. बाकावर एकटाच होता. मला बघून सरकला, जागा केली.
"दादा, बुधवारची गाडी..."
"रिकामी होती. कळला माका."
"रिकामी नव्हती. आत मी होते."
त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मग हवालदाराने हाक मारली, तो आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. मी उभी राहिले. माझ्या बाजूने निघून गेला. चप्पल ओढत.
हवालदार म्हणाला, "बाई, तुमचं काय?"
"परबांच्या केसमध्ये मला काही सांगायचंय."
"साहेब जेवायला गेलेत. बसा."
बसलेय. सुपरवायझरचे फोन येतायत, उचलत नाहीये. कुणी आत आलं की साहेबच का, बघते. अजूनही उठून जाता येईल. दार उघडंच आहे.